सदतिसावा जबाब

"मी माफी मागणार नाही. आधी तेवढं लिहून घ्या, मग बाकीचं सांगते."

बाई खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलल्या, आणि ज्ञानेश्वर भेरे यांचा वडापाव हातातच राहिला. तेहतीस वर्षं पोलिसात काढून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. रडत येणारे फिर्यादी त्यांनी पाहिले होते, ओरडत येणारेही. अट घालून आत शिरणारी ही पहिलीच.

पल्लवी रोकडेला मात्र मजा वाटली असावी. आसनगाव स्टेशनबाहेर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. चौतिशीची, बारीक अंगाची आणि कमी बोलणारी ही मुलगी शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांत आता बऱ्याच जणांना माहीत झाली होती. ज्ञानेश्वर तिची गाडी चालवत, आणि आपण नुसते ड्रायव्हर नाही हे दिवसातून दोनदा सिद्ध करायला बघत.

"लिहिलं," पल्लवी म्हणाली. "आता सांगा, माफी कोणाला हवीय?"

"अख्ख्या करंजपाड्याला. मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे आहे ते. मी संजीवनी बांगर. कल्याणच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते." त्यांनी पर्समधून घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढला. "आईवडील मुलांना काय देतात आणि मुलं आईवडिलांना काय देतात, यावर माझं काम चालू आहे. जमीन, दागिना हे आलंच. पण वेळ, औषधपाणी, भेटीगाठी हेसुद्धा. म्हाताऱ्या माणसांना वेगळं विचारायचं, मुलांना वेगळं. एकाचा जबाब दुसऱ्याला कळणार नाही, हा शब्द मी घरोघरी दिला आहे."

"आणि तो कळला."

"सोमवारी सकाळी हा एसटीच्या थांब्यावर चिकटवलेला होता. दुसरी प्रत दूध डेअरीच्या भिंतीवर. सरपंचांनी तासाभरात दोन्ही काढल्या, एक फाडली, एक माझ्या अंगावर टाकली."

कागद म्हणजे छापील प्रश्नपत्रिकेच्या एका पानाची झेरॉक्स होती. ज्ञानेश्वरांनी चष्मा लावून वाचलं. प्रश्न होता, आपल्या पश्चात आपला हिस्सा कोणाला मिळावा असे वाटते? खाली हातानं, छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत उत्तर: 'मी सुंदराबाई हरड. गट क्र. ११८ मधील माझा हिस्सा माझी मुलगी कुणाली हिस देण्याचे मी ठरविले आहे. मुलगे माझ्याकडे लक्ष देत नाहीत.' त्याखाली अंगठा.

पल्लवीनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. मधोमध एक आडवी आणि एक उभी रेघ पुसटशी उमटली होती. वरचा उजवा कोपरा कोराच होता. तिथं प्रश्नपत्रिकेची चौकट अचानक तुटत होती.

"हा तुमच्या कपाटातला आहे?"

"सांगणार नाही."

ज्ञानेश्वर वैतागले. "अहो मॅडम, खोटा असेल तर खोटा म्हणा! सुटाल की."

"आज याला खोटा म्हटलं, की उद्या ज्या कागदाबद्दल मी गप्प बसेन तो खरा ठरेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकसष्ट घरांनी माझ्याजवळ मन मोकळं केलंय. कोणत्याही कागदाबद्दल मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तुम्हालाही खरा जबाब दाखवणार नाही. त्याच्याशिवाय शोधता येत असेल तर शोधा."

"गावाची मागणी काय आहे?"

"शनिवारी शाळेच्या पटांगणात मी माफी मागायची आणि सगळे जबाब सर्वांसमोर जाळायचे. ते मी करणार नाही. पण मला काळजी कुणालीची आहे." "वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि तिचं नाव लागलंय. आता सगळे तिला हावरी म्हणताहेत, म्हणून ती येत्या सोमवारी मुरबाडला जाऊन हक्कसोड पत्रावर सही करणार आहे. भावांसाठी आपला वाटा सोडणार आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशीच सही केली होती. त्याच दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे."

पल्लवी उठली. "काका, गाडी काढा."

करंजपाड्याला पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. शाळेच्या मागची एक खोली बाईंनी भाड्यानं घेतली होती. तिथं पूजा गायकर नावाची त्यांची मदतनीस कपाटासमोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसली होती. गावातलीच, बीए झालेली.

"माझ्यावर संशय आसंल तर तोंडावर बोला," ती आल्या आल्या म्हणाली. "गाव पाठीमागं बोलतंय, त्याचा कट्टाळा आलाय."

"किल्ली कोणाकडे असते?"

"एकच किल्ली हाय, मॅडमच्या गळ्यात. मी नुसती लिहायला जाते. सुंदराआजीचा जबाब तर मॅडमनी स्वतः घेतला, मी नव्हतेच."

भिंतीवर पूजासाठी सूचनांचा तक्ता लावला होता. पल्लवीनं त्यातली एक ओळ मोठ्यानं वाचली. "'उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे.' असंच लिहिता?"

"शब्दाला शब्द. आजी 'नाय' म्हनली तर 'नाय' लिवायचं, 'नाही' नाय. एकदा मी सुधारून लिवलं तर मॅडमनी अख्खा जबाब परत घ्यायला लावला."

"कोरे फॉर्म बाहेर कोणाला मिळतात?"

"नमुन्याचे मिळतात. काय काय विचारणार ते लोकांना आधी कळावं म्हणून. कोपऱ्यात 'नमुना' शिक्का मारून. गावात मी हातानं वाटले, बाहेरगावच्या मुलामुलींना पोस्टानं धाडले, घडी करून पाकिटात. खरे जबाब मात्र पुठ्ठ्याला लावूनच लिवायचे आन तसेच सपाट ठेवायचे. मॅडमना घडी चालत नाय."

"तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं?"

"मला वाटून काय उपेग? शनिवारी मी कपाटाच्या आडवी उभी राहनार, येवढं ठरलंय."

हरडांचं घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीवर धर्मा, थोरला मुलगा, विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"लक्ष देत नाय म्हनं," तो म्हणाला. "गुडघ्याच्या आप्रेशनला कोनी नेलं हिला? महिनाभर पाटकुळी मारून संडासला कोन नेत व्हता? आन लोकांच्या तोंडून हे आयकायचं!"

"कागद तुम्ही नीट वाचलात का?"

"यांनी हातात घेतलाच नाय," आतून त्याची बायको भाग्यश्री म्हणाली. "थांब्यावर लोक वाचून दावत व्हते. हे आयकून तसंच पाय आपटत घरी आलं. मंग आसनगावला ओमकारभावजींना फोन."

"फोनवर काय सांगितलंत?"

"काय सांगनार? आयनं आपला वाटा कुणालीला लिवून दिला, आन आमी तिच्याकं बघत नाय आसं बोलली. उंबराचं शेत तिचं व्हनार. येवढंच. पुढं मला बोलवंना."

"उंबराचं शेत विकायचा विचार होता का?"

धर्मानं विळा खाली ठेवला. "माझ्या जित्यापनी नाय. कल्यानचा प्लॉटिंगवाला दोनदा आला, दोनदा हाकलला. कुणाली पन नको म्हनली. ओमकार तेवढा 'बघू, बघू' करतो."

भिंतीवर दिनदर्शिकेच्या खिळ्याला प्रश्नपत्रिकेचा नमुना लटकत होता. सपाट, कोपऱ्यात जांभळा शिक्का. पल्लवीची नजर त्यावर क्षणभर थांबली.

सुंदराबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काटक, नऊवारी घट्ट नेसलेल्या. समोर आरोग्य केंद्राच्या आशाताई महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या देऊन सहीसाठी वही पुढे करत होत्या. म्हातारीनं पेन घेतलं आणि वहीवर वाकली. ज्ञानेश्वरांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तशी भाग्यश्रीनं त्यांना हातानं थोपवलं.

"मधी बोलू नका. आईंची सही चाल्लीय. चुकली तर आमच्यावं ओरडतात."

'सुंदरा' ही तीन अक्षरं कागदावर यायला दोन मिनिटं लागली. मग त्यांनी मान वर केली.

"इचारा."

"आजी, थांब्यावरचा कागद तुम्ही पाहिलात?"

"मला कोन दावनार? माझ्या नावाचा कागद, आन माझ्याबगर समदं गाव वाचतंय."

"त्यात लिहिलंय ते तुमचं बोलणं आहे का?"

"ते नाय सांगनार. त्या मास्तरीनबायला मी सांगितलं ते तिला सांगितलं. पोरांना सांगायचं आसतं तर पोरांना नसतं सांगितलं? हय म्हनलं तरी भांडान, नाय म्हनलं तरी 'मंग खरं काय' म्हनून भांडान."

ओसरी उतरताना ज्ञानेश्वर पुटपुटले, "एक बाई बोलत नाही, दुसरी त्याहून बोलत नाही. गुन्हा कसा शोधायचा?"

"दोघी किती एकसारखं बोलल्या, ते बघितलंत ना काका?" पल्लवी म्हणाली आणि गाडीत बसली.

कुणाली शहापूरला शिवणकाम करायची. मशीनवर पोलकं तसंच टाकून तिनं त्यांना पाणी दिलं. डोळे सुजलेले होते.

"मी काही मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "पण आता पटवून कोणाला देऊ? परवा काकीकडं पूजा झाली, तर मला निरोपसुद्धा नाय. सही करून टाकते. निदान माहेर राहील."

"कागद बघितलात?"

"नाय. वहिनीनं फोनवर सांगितलं."

"आईकडे शेवटचं कधी गेला होतात?"

"दर पंधरा दिवसांनी जाते. यंदा पौषात म्हशाच्या जत्रेत तिनं पाटी मागितली मला, या वयात! माझा शाळेतला पोरगा तिला अक्षरं गिरवून देतो. तिला अंगठा लावायची लाज वाटायची हो. आता सहीसाठी कागद शोधत असते." कुणाली हसली.

"सही करू नका, असं मी सांगणार नाही," पल्लवी म्हणाली. "पण शनिवारी करंजपाड्याला या."

"लोक काय बोलतील?"

"ते आताही बोलताहेतच."

ओमकार हरड शुक्रवारी संध्याकाळी आसनगावला, त्याच्या सोसायटीच्या गेटवर भेटला. कल्याणला एका कंपनीत नोकरी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात अजून ओळखपत्र.

"मला टाइम कमी आहे. आणि मी यात कुठेच नाही," तो म्हणाला. "दिवाळीनंतर गावाला गेलेलोच नाही. कागद मी पाहिलेला नाही. फोटोपण कोणी पाठवला नाही. दादानं फोन केला, तेवढंच मला माहीत."

"मग तो खोटाही असू शकेल."

"खोटा कसा? खाली आईचा अंगठा आहे ना! त्या बाईंनी तिला काय काय विचारून फितवलं असणार. माझं मत विचाराल तर ते सगळे फॉर्म जाळलेच पाहिजेत."

"जमिनीचं काय होणार आता?"

"कुणाली हक्कसोड देतेय, चांगलंच आहे. एकशे अठराचा तुकडा रस्त्याला लागून आहे, एकत्र राहिला तर सगळ्यांचं भलं."

पल्लवीनं आभार मानले. गाडीत बसल्यावर ज्ञानेश्वरांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. "धर्मा. रागीट माणूस, शेत त्याच्याच ताब्यात. बहिणीनं वाटा सोडला की त्याचाच फायदा."

"उद्या दुपारपर्यंत हेच मत ठेवा," पल्लवी म्हणाली. "रात्री मात्र तुमच्याकडचं शाईचं पॅड शोधून ठेवा. पोलिसातलं."

शनिवारी सकाळी दहाला शाळेचं पटांगण भरलं होतं. मधोमध एक पत्र्याचं पिंप मांडलं होतं आणि शेजारी रॉकेलची बाटली. सरपंच गिरजा सासे खुर्चीत बसल्या होत्या. हरडांची तिन्ही मुलं तीन दिशांना उभी होती. मागच्या खोलीच्या दारात पूजा हाताची घडी घालून आडवी उभी होती, ती बोलल्याप्रमाणेच.

"जबाब आणले?" सरपंचांनी विचारलं.

"नाही," संजीवनीबाई म्हणाल्या. "कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. हवी असेल तर हिसकावून घ्या. माझ्या हातानं मी एकही कागद देणार नाही."

गलका उठला. पल्लवी पिंपाजवळ गेली आणि झेरॉक्स वर धरली.

"जाळण्याआधी पाच मिनिटं द्या. सुंदराआजींनी जबाबात काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी तो पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. मी फक्त या कागदाबद्दल बोलणार आहे."

गलका कमी झाला.

"या कागदावर घडीच्या दोन रेघा आहेत. चौघडी केलेला कागद उलगडून त्याची झेरॉक्स काढली की अशा रेघा येतात. बाईंचे जबाब सपाट ठेवलेले असतात, कधीच घडी होत नाहीत. आणि हा कोपरा बघा. चौकट इथं तुटलीय. झेरॉक्स काढताना कोपऱ्यावर कोरी चिठ्ठी ठेवून काहीतरी झाकलंय. त्या जागी काय असतं? 'नमुना' हा शिक्का. म्हणजे कपाट कोणी उघडलंच नाही. कोणीतरी नमुन्याचा कोरा फॉर्म घरी बसून भरला."

"मंग तो तर घराघरात हाय!" कोणीतरी ओरडलं.

"गावात हातानं वाटलेले सपाट आहेत. हरडांचा अजून खिळ्याला आहे, शिक्क्यासकट. घडी घातलेले फक्त पोस्टानं गेले. या घरातून बाहेर राहणारी दोनच माणसं, शहापूरची कुणाली आणि आसनगावचा ओमकार."

सगळ्या माना आधी कुणालीकडे वळल्या. ती ताठ उभी राहिली.

"आता उत्तर बघा. 'गट क्रमांक एकशे अठरा.' 'मुलगी कुणाली हिस.' बाई बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायला लावतात. सुंदराआजी कधी 'हिस' म्हणतात? या घरात त्या जमिनीला उंबराचं शेत म्हणतात. धर्मादादा माझ्याशी बोलले तेव्हाही उंबराचं शेत. एकशे अठरा म्हणाला तो फक्त एकजण."

ओमकारनं घड्याळ पाहिलं. "नंबरनं बोलणं हा गुन्हा आहे का?"

"नाही. पुढचं ऐका. या कागदाखाली अंगठा आहे." ती वळली. "आजी, तुमची सही?"

सुंदराबाई ओट्यावरून उठल्या. आशाताईंनी आपली वही उघडून सरपंचांच्या पुढे धरली. चार महिन्यांच्या चार सह्या, प्रत्येक मागच्यापेक्षा सरळ.

"सुनेला माहीत आहे, थोरल्याला माहीत आहे, मुलीनं तर पाटीच आणून दिली. यांच्यापैकी कोणी हा कागद केला असता तर खाली वेडीवाकडी 'सुंदरा' लिहिली असती, ते अंगठ्यापेक्षा सोपं होतं. आई सही करते हे ज्याला माहीतच नाही, त्यानंच अंगठा उमटवला. दिवाळीनंतर जो घरी आला नाही त्यानं."

"हे सगळे तर्क आहेत," ओमकार म्हणाला. आवाज चढला होता.

"तुम्ही मला सांगितलंत की कागद पाहिला नाही, फोटोही आला नाही, फक्त दादाचा फोन. धर्मादादा, तुम्ही फोनवर अंगठ्याचं बोललात?"

"मी कागद बगितलाच नव्हता," धर्मा सावकाश म्हणाला. "मला कुठं म्हाईत अंगठा हाय का सही."

"पण ओमकार मला म्हणाले, 'खाली आईचा अंगठा आहे.' न पाहिलेल्या कागदावरचा." पल्लवीनं हात पुढे केला. ज्ञानेश्वरांनी शाईचं पॅड तिच्या तळहातावर ठेवलं. आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, आणि आपण कालपर्यंत कोणाचं नाव घेत होतो ते आठवून कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. "तिघा भावंडांनी एकेक ठसा द्यावा. जुळवायला ठाण्याला ठसेतज्ज्ञ आहेत."

धर्मा पुढे आला आणि त्यानं अंगठा दाबला. कुणालीनंही दाबला. ओमकारनं दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले.

"ओमकार," सुंदराबाई म्हणाल्या. "हात भायेर काढ."

त्यानं हात काढले नाहीत. मग एकदम बोलायला लागला, कोणाकडेही न बघता. "प्लॉटिंगवाल्याला शब्द दिला होता मी. चार सह्या लागतात. आईला, दादाला वळवलं असतं, कुणाली ऐकत नव्हती. लोक बोलले की ती लाजेनं तरी सही करेल, असं वाटलं. पहाटेच्या गाडीनं येऊन... कोणाचं वाईट करायचं नव्हतं मला."

"माझ्या नावानं बोल्लास," म्हातारी म्हणाली. "मी जिती आसताना. भावाला दुष्मन केलास, भैनीला चोर केलीस. फिर्याद द्यायची का नाय ते मी ठरवीन. तवर हितं बस, सगळ्यांच्या म्होरं."

ओमकार पिंपाशेजारी खाली बसला.

कुणालीनं पिशवीतून हक्कसोड पत्र काढलं. ते तिनं धर्माच्या पुढे धरलं. "दादा, हे मी करत नाय. तू बोलव, नायतर नको बोलवू."

धर्मानं कागद घेतला, उलटसुलट केला आणि तिला परत दिला. "चुलीत घाल. आन जेवायला चल."

सरपंच उठल्या. "बाई, आमचं चुकलं..."

"माफी नको," संजीवनीबाई म्हणाल्या. "चोवीस घरं अजून बाकी आहेत. दारं उघडा."

"उघडू. पन सुंदराआजी," सरपंचांनी आवाज मऊ केला, "येवढं झालंच हाय, तर खरं काय लिवलंस ते सांगून टाक. विषय मिटंल."

पटांगण पुढे सरकलं. ज्ञानेश्वरसुद्धा पुढे झुकले.

"नाय सांगनार," सुंदराबाई म्हणाल्या. "माझा वाटा माझ्या नावावं हाय, आन माझी जीभ बी. मेल्यावं वाचा." त्यांनी संजीवनीबाईंचा दंड धरला. "आन तू चल. मला माझा जबाब बदलायचाय."

दोघी मागच्या खोलीत गेल्या. पूजा बाजूला झाली, आणि दार लागल्यावर पुन्हा आडवी उभी राहिली. गाव पांगेना.

"काय बदललं असेल हो?" ज्ञानेश्वरांनी हळूच विचारलं.

"काका, गाडी सावलीत लावा," पल्लवी म्हणाली.

बंद दाराआडून बाईंचा आवाज आला, "नाव नको. सदतिसावा जबाब. वय?"

"चव्वऱ्याहत्तर लिव. आन मोठ्यानं वाचू नको."